सोमवारची गोळी

काळाचौकीच्या दवाखान्यात मंगळवारी सकाळी माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्कर जोडपं नंबराची वाट बघत बसलं होतं. आजोबांची छाती बारीक वाजत होती. आजींनी विचारलं,

"काल दम्याची गोळी घेतली नाय ना?"

"रात्री जेवल्यावर घ्यायची, असं डॉक्टर म्हणालेत. काल सोमवार, दोन्ही वेळचा उपास. मी जेवलो कुठे?"

"दोन ताटल्या साबुदाण्याची खिचडी खाल्लीत."

"तो फराळ. जेवण वेगळं."

"म्हणजे दर सोमवारी गोळी नाय?"

"एकादशीला पण नाय."

"तरीच. आणि मी आपली मसाल्याच्या वासाला दोष देतेय. तुम्ही घरात असलात की बरणी उघडत नाय मी."

"उघडत जा. आमटीला हल्ली रंगच नसतो."

"डॉक्टरांना सांगितलंत हे?"

"उपासतापासाचं त्यांना काय सांगायचं?"

"मग आज मी सांगते."

"सांग. पण उपास सोडा म्हणाले तर मी सोडणार नाय. तुझ्या गुडघ्यांसाठी धरलाय. दोन वर्षं झाली."

"मला कधी बोललात नाय ते."

"असलं बोलायचं नसतं."

"गुडघ्यांचं राहू दे. तुमची छाती वाजायला लागली की मी पहाटेपर्यंत बसून असते. उपास माझ्या गुडघ्यांसाठी करता ना, मग सोमवारची गोळी माझ्या झोपेसाठी घ्या."

"खिचडीवर चालते का, ते तू विचार. मला लाज वाटते."