चिंधीवरचा आळ

मास्तर : तूच बघ तिचं तोंड. मशिनखाली जाऊन बसलीय, कान पाडून. आपण काय केलं ते तिला पक्कं ठाऊक आहे.

मास्तरीण : मांजर आहे हो ती. तिला काय ठाऊक असणार?

मास्तर : सगळं ठाऊक असतं. नऊ वर्षं याच दुकानात वाढलीय, चिंध्यांच्या टोपलीत. आपलीच लेक, कोर्टात आज पहिल्यांदा एकटीनं उभी राहणार, अकराला कोट न्यायला येणार, आणि या बयेनं नेमकं वरचंच काज उसवून ठेवलं. बघ, बघ, कशी नजर चुकवतेय.

मास्तरीण : अकराला अजून तास आहे. द्या इकडे, मी करते.

मास्तर : तू बटणं लाव. काज माझं काम. या कोटात दुसऱ्या कुणाचं काज नको, हे मी कापड बेतलं त्याच दिवशी सांगितलंय.

मास्तरीण : सांगितलंत खरं. आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलंत.

मास्तर : मग? शिंप्याची पोरगी वकील झाली. सांगू नको तर काय करू? अगं, चिंधे, ये इकडे. ये, बघ काय केलंस.

मास्तरीण : नका ओरडू तिच्यावर.

मास्तर : ओरडत नाहीय. तिला लाज वाटतेय का ते बघतोय. आणि वाटतेय. अपराधी असल्याशिवाय कुणी असं अंग चोरून बसतं?

मास्तरीण : अंग चोरून बसते ती तुमच्या आवाजाला. मागे तुम्ही त्या हेडमास्तरांची पँट जाळलीत तेव्हा...

मास्तर : जाळली नव्हती. इस्त्री जरा जास्त टेकली.

मास्तरीण : आरपार भोक पडलं होतं. तुम्ही ओरडलात तशी हीच चिंधी याच मशिनखाली, असेच कान पाडून. तेव्हा इस्त्री काय तिनं धरली होती?

मास्तर : ते वेगळं.

मास्तरीण : आणि दूध सांडते तेव्हा? कुणी ओरडलं नाही तर सांडलेलं सगळं चाटून, शेपटी उभी करून, मालकिणीसारखी निघून जाते. तेव्हा कुठं जातो तिचा पश्चात्ताप?

मास्तर : पोटात जातो, दुधाबरोबर. तू म्हणजे ना, आज तिचं वकीलपत्रच घेऊन बसलीस. एरवी तिला झाडूनं हाकलतेस.

मास्तरीण : हाकलते ते तिनं काही केलं तर.

मास्तर : आणि हे कुणी केलं? मी दाढीला गेलो, न्हाव्याचं दुकान बंद म्हणून तसाच परत आलो. बघतो तर बाईसाहेब कोटावर आडव्या आणि काजाचा दोरा लोंबतोय. आणखी काय पुरावा पाहिजे?

मास्तरीण : चहा टाकू का?

मास्तर : चहा नको. सुईत दोरा ओवून दे. तुला जवळचं बरं दिसतं.

मास्तरीण : ओवते. पण त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा...

मास्तर : तो म्हणे मोतीबिंदू पिकलाय. मी म्हटलं, या आमच्या दुकानात, काज दाखवतो. खोटं नाही सांगत, ही बाकीची सहा बघ. पुढची दोन, दोन्ही बाह्यांवर दोन दोन. काळ्या कापडावर काळा दोरा, चांगल्या डोळ्यांची माणसं हात टेकतात तिथं. परवा त्या कापड दुकानवाल्यानं बाहीवरची भिंग लावून बघितली, म्हणाला, मास्तर, हात म्हातारा होत नाही तुमचा. ऐकलंस ना तू?

मास्तरीण : ऐकलं.

मास्तर : छाती अशी फुगली माझी. तुझी मान का खाली?

मास्तरीण : ओवतेय ना दोरा.

मास्तर : थांब जरा. हे काय?

मास्तरीण : काय?

मास्तर : हे दोऱ्याचं टोक. नखानं ओढलं असतं तर लव निघाली असती, कापडाचा एखादा धागा वर आला असता. हे तर सपाट आहे. कापलंय हे. धारदार कात्रीनं कापलंय.

मास्तरीण : तुम्हाला दिसलं?

मास्तर : दिसत नाही गं. बोटाला लागलं. आणि... हात पुढे कर बरं तुझा. उजवा नको, डावा.

मास्तरीण : कशाला?

मास्तर : या सहाच्या सहा काजांच्या गाठी उलट्या अंगाला पडल्यात. उजव्या हाताच्या माणसाचं काज असं बसतच नाही. या घरात डावखुरं कोण आहे? मी नाही. लेक नाही. चिंधीचं माहीत नाही, पण तिला सुई धरता येत नाही.

मास्तरीण : मी केलीत.

मास्तर : सहाही?

मास्तरीण : सहाही. तुमची उसवून. तुम्ही दाढीला जाता तेव्हा रोज एक एक. आज सातवं उसवलं आणि तुम्ही लगेच परत आलात. हातात कात्री तशीच. काही सुचेना. ही खिडकीत झोपली होती, उचलली आणि कोटावर ठेवली.

मास्तर : मांजराला पुढे केलंस.

मास्तरीण : केलं. मघापासून तेच टोचतंय. तुम्ही तिला बोलत होतात ना, तो शब्द न् शब्द मला लागत होता.

मास्तर : आणि याच्या आधी? तो डॉक्टरचा कोट? बँकेच्या साहेबांचा?

मास्तरीण : ते पण.

मास्तर : किती दिवस चाललंय हे?

मास्तरीण : दीड वर्ष होईल. डॉक्टरच्या कोटाला तुमची काजं अशी झाली होती की बटण आत जाईना. तो नेऊन दुसऱ्याला दाखवेल, मग चार लोकांत हसं होईल. ते मला बघवलं नसतं.

मास्तर : दीड वर्ष. लोक वाहवा करत होते आणि मी मान ताठ करून ऐकत होतो. तू शेजारी बसून बटणं लावत होतीस. मला वेड्यात काढलंस तू.

मास्तरीण : वेड्यात काढायला नव्हतं केलं. तुमची ती ताठ मान बघायला मला आवडायचं.

मास्तर : हं.

मास्तरीण : आणि खरं सांगू का? मलाही आवडायचं. तो भिंग लावून बघत होता ना, तेव्हा माझीही छाती फुगली होती. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, डाव्या हातानं काज होत नाही, तू बटणं लाव. एकतीस वर्षं बटणं लावली. चिंधीवर आळ घातला त्याचं मला वाईट वाटतंय. काजांचं नाही वाटत. काजं माझी चांगली आहेत.

मास्तर : चांगली नाहीत.

मास्तरीण : नाहीत?

मास्तर : माझ्या चांगल्या दिवसांतसुद्धा माझी अशी होत नव्हती. एकसारख्या गाठी, एका अंतरावर. बोट फिरवलं तर पाण्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. कुणी शिकवलं तुला?

मास्तरीण : समोर बसत होते ना एकतीस वर्षं. तुमचा हात बघायचा आणि आरशात बघितल्यासारखा उलटा करायचा.

मास्तर : म्हणजे काज माझंच म्हणायचं. आरशातलं.

मास्तरीण : पुरे आता, स्वतःकडे ओढू नका. बसा, हे सातवं मी झटकन करून टाकते. साडेदहा होत आले.

मास्तर : नाही. सातवं मी करणार.

मास्तरीण : अहो, वरचं काज ते. सगळ्यांत आधी तेच दिसतं. कोर्टात उभी राहणार पोर, तिचं हसं नको व्हायला.

मास्तर : दिसू दे. तिचं पहिलं झबलं मी शिवलं, शाळेचा गणवेश मी शिवला. आजच्या कोटावर माझं एक तरी काज पाहिजे मला. डोळे मिटून करीन. उघडे ठेवून तरी काय दिसतंय? तू फक्त बोल, कुठं गाठ सरकली तर.

मास्तरीण : सरकली तर उसवणार मी.

मास्तर : समोर उसव. पाठीमागं नको.

(मास्तर सुई घेऊन बसतात. अकराच्या सुमाराला त्यांची लेक फायलींची पिशवी घेऊन दुकानात शिरते.)

लेक : झाला का कोट? बाबा, तुमचे डोळे का असे लाल?

मास्तर : या, वकीलबाई. आधी घालून दाखवा. खांदे सरळ. हां. वळा. बघ गं, बसलाय का पाठीत?

मास्तरीण : बसलाय. दृष्ट काढावी असा बसलाय.

लेक : काजं काय सुंदर झालीत, बाबा. बाहीवरची तर... आणि तुम्ही म्हणता डॉक्टरकडे जायला नको.

मास्तर : ती माझी नाहीत. तुझ्या आईची आहेत.

लेक : आई काज करते?

मास्तर : दीड वर्ष करतेय. डाव्या हातानं. डॉक्टरच्या कोटाला, बँकेच्या साहेबांच्या कोटाला. बाहेर बोर्डावर नाव माझं आणि आत काजं तिची. कोर्टात कुणी विचारलं तर असंच सांगायचं, माझ्या आईची काजं आहेत म्हणून. जरा मोठ्यानं सांगायचं.

मास्तरीण : काहीतरीच. तिला उशीर होतोय, जाऊ द्या तिला.

लेक : आई, तू रडतेयस?

मास्तरीण : कापडाची धूळ गेली डोळ्यात. ती चिंधी आली बघ बाहेर. माफी मागितली मी तिची मघाशी.

लेक : कसली माफी? काय म्हणाली मग?

मास्तरीण : काय म्हणणार? तोंड फिरवून पंजा चाटत बसली. काही झालंच नाही असं.

मास्तर : बरोबरच आहे तिचं. तिनं काही केलंच नव्हतं. उलट मीच तिला नको ते बोललो. पुढच्या आठवड्यात दाखवतो डॉक्टरला, म्हणजे निदान आरोपी तरी नीट दिसेल.

लेक : बाबा, पण हे वरचं एक जरा...

मास्तर : वाकडं आहे. ते माझं. हळू बोल, तुझ्या आईच्या हाताजवळ कात्री आहे.

मास्तरीण : दोनदा उसवलं, गं. तिसऱ्यांदा त्यांनी हात धरला माझा. तू असं कर, कोट उघडाच ठेव, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही.

लेक : उघडा का ठेवू? वरचं बटण लावूनच उभी राहणार आहे मी.