भिंतीवरचे प्राध्यापक

फोटो स्टुडिओत माझा नंबर यायचा होता. कॅमेऱ्यासमोर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर खरीखुरी कवटी घेऊन. शेजारी त्यांची आई कंगवा सरसावून उभी.

"जरा हस की गं."

"आई, हा फोटो विद्यापीठात लागणार आहे. शरीररचनाशास्त्राचे आजवरचे सगळे प्राध्यापक ओळीने आहेत त्या भिंतीवर. एकही हसत नाही."

"बघितलेत मी. पहिल्याचं पोट साफ नाही, दुसऱ्याची दाढ दुखतेय."

"आई!"

"आणि तिसरे तुझे सर. बाईमाणसाला प्रेत बघून चक्कर येईल म्हणाले होते ना?"

"हो. आली त्यांच्याच पुतण्याला."

"आता त्यांच्याच शेजारी लागणार तू. अशी एरंडेल प्यायल्यासारखी?"

"हसले तर म्हणतील, बाईला या पदाचं गांभीर्यच नाही."

"बरं, ही कवटी कुणाची?"

"पहिल्या प्राध्यापकांची. मरताना विभागाला देऊन गेले. तेव्हापासून ते पद मिळालं की हिच्यावर हात ठेवून फोटो काढायचा, अशी पद्धतच पडलीय."

"म्हणजे पुढच्या सगळ्या फोटोंत हे आहेतच."

"आहेत ना."

"मग नीट बघ त्यांच्याकडे. जिवंतपणी तोंड पाडून बसलेला माणूस, आता प्रत्येक फोटोत बत्तिशी दाखवतोय. तू कशाला मरायची वाट बघतेस?"

"बस्स, मॅडम! हेच हसू! आता अजिबात हलू नका," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून ओरडला.