पुढचा फर्मा

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं, तू होय! मला वाटलं टेम्पोवाले. … हो, यायचेत. अर्ध्या तासात.

प्रेस न्यायला. … कुठली म्हणजे? माझ्याकडे काय दहा आहेत? बाइंडिंगची, पुस्तकं दाबायची, लोखंडी. शाळेला देऊन टाकतोय. हस्तकलेच्या बाईंनी मागच्या वर्षी सहज विचारलं होतं. काल मीच कळवलं, घेऊन जा म्हणून.

रागावू नकोस. … नाही, पण तू 'दादा' इतकं हळू म्हणालीस की मला धडकीच भरली.

अगं ऐक ना. बोट वाकत नाही. … उजव्या हाताचं. अंगठ्याशेजारचं. दाभण घुसलं होतं तेच. … नाही, नाही, पू काढला त्याला तीन आठवडे झाले. सूज उतरली. जखम मिटत आलीय, पण लालबुंद दिसते, आणि बोट वाळक्या शेंगेसारखं ताठ. सुई धरता येत नाही, तर दुकान कशाला उघडायचं?

डॉक्टर? … म्हणाले, रोज वाकवत राहा. … हो, स्पष्ट म्हणाले. … नाही वाकवलं. … कारण दुखलं! मग मी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या लावून घट्ट बांधून टाकलं. … झाले की दोन आठवडे.

हसतेस काय? चिकटवलेली वस्तू सुकेपर्यंत हलवायची नसते. चाळीस वर्षं हेच केलंय मी. … बोट म्हणजे पुस्तक नाही, हे मलाही कळतं. … बरं, आत्ता कळलं.

परत विचारायला गेलो होतो ना! बाहेर सोळा माणसं बसलेली. दारातूनच 'काही नाही, काही नाही' म्हणून परत आलो. … असेन मी तसा. तुझी तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून गेली, तुला कसली भीती?

पण मी वाचलंय हं. वैद्यकाचं एक जाड पुस्तक आलंय बांधायला, सगळं सुटं झालेलं. त्यात सुजेचं प्रकरण आहे. लक्षणं पाच. लाली, ऊब, सूज, दुखणं… आणि पाचवं, काम बंद पडणं. … तिथंच संपतं. … म्हणजे फर्मा संपतो गं. सोळा पानांचा गठ्ठा. … हो, पुढचा असेलच. … नाही वाचला. 'काम बंद' म्हटल्यावर पुढे काय वाचायचं?

ओरडू नकोस! बघतो. धर जरा.

… सापडला. चष्मा… हं. 'दुरुस्ती' असंच नाव आहे. … वाचतोय ना. आधी साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, मेलेलं सगळं खाऊन टाकतात. … मग बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यामुळे जागा लाल, दाणेदार दिसते. … ही लाली चांगली? अगं, मी रोज ती बघून तोंड फिरवायचो!

पुढे… 'तंतू घाईघाईने, आडवेतिडवे घातले जातात. नंतर कित्येक महिने ते मोडून पुन्हा रचले जातात. ज्या दिशेने ताण पडेल, त्या दिशेने.'

… ताणच पडला नाही तर? … तसेच आडवेतिडवे घट्ट होतात. … म्हणजे हे माझंच कर्तृत्व.

पण 'कित्येक महिने' लिहिलंय. म्हणजे वेळ आहे अजून? … खात्री नको देऊस, नुसतं सांग. … पहिल्यासारखं? … नाही. बरं. सुईपुरतं? … होईल? … होईल म्हणालीस ना?

थांब, पट्ट्या सोडतो. … आई गं! … काही नाही, काही नाही. … हो, कोमट पाण्यात बुडवून. रोज. … अगं, वाकलं! नखाएवढं, पण वाकलं!

… अरे देवा. टेम्पो आला. बाईही आल्यात. … आता कसं सांगू? त्यांनी दोरसुद्धा आणलाय. … मला नाही जमायचं गं. … उचलली त्यांनी.

नको, तू नको बोलूस. … नाही, फोन नाही देणार. मी बोलतो.

अहो बाई! जरा थांबता का? … ती… ती प्रेस नेऊ नका. … हो, मीच कळवलं होतं. चुकलं माझं. … मुलांना शिकवायचंय ना? मग त्यांना इथे पाठवा, दर शनिवारी. काही दिवस सुई त्यांनी धरायची, मी सांगेन कुठे टोचायची. … चालेल? … नक्की?

हॅलो, ऐकलंस? सांगितलं मी! सगळ्यांसमोर! … हॅलो? … हॅलो? … गेली वाटतं लाइन.

अहो, तेवढी प्रेस परत आत ठेवायला मदत कराल का? … नाही, हा हात लावत नाही. याला आता दुसरं काम आहे.