‘हळदीच्या गोदामातलं प्रेत’ कुणी वाचलंय?

नाही, पण मी म्हणतो, साठ वर्षं हरवली होती ना ती कादंबरी? मग हरवलेलीच राहायला काय धाड भरली होती तिला! सगळं उत्तर कोलकाता नाचतंय... का? तर आमचे थोर अनादिनाथ बक्षी, ज्यांच्या पुस्तकांवर लोक प्रबंध लिहून प्राध्यापक झाले, त्यांनी कोवळ्या वयात ‘श्री तक्षक’ या टोपणनावानं एक रहस्यकथा पाडली होती, ‘हळदीच्या गोदामातलं प्रेत’! तिची एक प्रत म्हणे कुठल्याशा वाचनालयाच्या कपाटात सापडली, पुस्तक मेळ्यात येणार, जो तो दिवस मोजतोय... आणि मी? मी कशाला मोजू? मी तर वाचलीय ना!

म्हणजे, तुम्हाला म्हणून सांगतो, नाही वाचलेली.

हसताय काय? आमच्या बागबाजारच्या ओट्यावर बसून बघा एकदा! तिथे माणूस बायकोनं घराबाहेर काढलंय हे कबूल करेल, पण ‘हे पुस्तक मी वाचलेलं नाही’... छे! जीभ झडेल! चाळीस वर्षांपूर्वी बिमलेंदूदांनी मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, चघळत सहज विचारलं, “काय रे प्रियतोष, अनादिबाबूंची ती हरवलेली कादंबरी तुझ्या तरी नजरेखालून गेलीय का?” त्यातला तो ‘तरी’ मला झोंबला हो! निसटलं तोंडून, “मी तर वाचलीय! शाळेत, बीजगणिताच्या पुस्तकात लपवून!” झालं! त्या दिवसापासून चहाचा पहिला मातीचा कप माझा. कुणी विचारलं, “खुनी कोण?” की मी डोळे मिटून सांगायचो, “घरचा होमिओपॅथ.” बिमलेंदूदा मागे राहतील तर शपथ! महिन्याभरात त्यांनाही आठवलं. “छट्! वकील होता खुनी! मीही वाचलीय!” चाळीस वर्षं, तुम्हाला सांगतो, होमिओपॅथ, वकील, होमिओपॅथ, वकील...

आणि आता पुस्तक येणार म्हणजे काय? खुनी राहिला बाजूला, पकडला जाणार मी! अख्ख्या ओट्यासमोर! ऐन थंडीत नव्या गुळाची संदेश मिठाई समोर आली, तर मी बशी परत सरकवली. घरी बायको विचारतेय, “बरं नाही का?” तिला काय सांगू? तिलाही लग्नाआधी हेच सांगितलं होतं, मी तर वाचलीय!

तेवढ्यात एका सकाळी प्रकाशक पालितबाबू ओट्यावर हजर. घामाघूम! “मोशाय, घात झाला! शेवटचा फॉर्मा वाळवीनं खाल्लाय. सोळा पानं! खुनी सापडायच्या आतच पुस्तक संपतंय!” मी मनातल्या मनात वाळवीला साष्टांग घातला. पण पालितबाबू थांबतात कुठले? “अनादिबाबू म्हणालेत, वाचलेला कुणी जिवंत असेल तर घेऊन या.” सगळ्या ओट्याची बोटं माझ्याकडे! बिमलेंदूदांचंसुद्धा! “मीच आलो असतो रे, पण गुडघा...”

अनादिबाबू माकडटोपी घालून उन्हात बसले होते. माझ्याकडे बघतच राहिले. “तीनशे प्रती छापल्या होत्या. दोनशे नव्वद बाबांनी चुलीत घातल्या. उरलेल्या दहांतली एक तुला मिळाली?”

“हो, अनादिदा.”

“नशीबवान आहेस. मला शेवट काही केल्या आठवत नाही. कोणी केला रे खून?”

हीच वेळ होती हो! पाय धरायचे आणि सांगून मोकळं व्हायचं. ज्या माणसाची पुस्तकं उशाशी घेऊन आयुष्य काढलं, त्याच्या तोंडावर खोटं बोलायचं? लाज वाटत होती मला, खरंच वाटत होती! पण तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? “होमिओपॅथनं.”

ते हसले. बराच वेळ हसले. का हसले, देव जाणे! मग म्हणाले, “झकास. सोळा पानं तूच लिहून दे. या वयात माझ्याच्यानं खून होत नाहीत.”

घरी आणून उरलेली एकशे ब्याण्णव पानं वाचली... तर काय! होमिओपॅथ नाहीच! अहो, त्या कादंबरीत कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नाही! मग काय करतो? एकशे त्र्याण्णवाव्या पानावर आणला, छत्री मिटत, सरळ दिवाणखान्यात.

मेळ्यात पुस्तकावर उड्या पडल्या. बिमलेंदूदांनी शेवट वाचला, चष्मा काढला आणि म्हणतात कसे, “बरोबर आहे, होमिओपॅथच. आता लख्ख आठवलं, मी तर वाचलीय ना!” चाळीस वर्षांचं भांडण मिटलं! आणि मी? मी आपला मनात मांडे खातोय, आपली सोळा पानं, बिननावाची का होईना, अनादिबाबूंच्या पुस्तकात! रविवारी परीक्षण आलं. कात्री घेऊनच वाचायला बसलो. काय लिहावं त्या समीक्षकानं?

“शेवट अगदीच बालिश आहे. परंतु लेखक त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता, हे ध्यानात घेऊन वाचकांनी उदार मनानं क्षमा करावी. वयाबरोबर समज येतेच.”

गेल्या महिन्यात मला एकाहत्तरावं लागलं हो!