चादर रंग सोडते का?

नेटवरच्या शोधात वर यायला पैसे ओतावेच लागतात असं म्हणता ना, मग आमचं ऐका. अक्कलकोट रोडला आमचे माग चालतात. चादरींची वेबसाइट केली, पण नेटवर शोधलं की ती पार तळाला. मजकूर सगळ्यांसारखाच, 'उत्तम दर्जा, आकर्षक रंग'. फोन मात्र मी घेते, आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, चादर रंग सोडते का?"

म्हटलं, लोक फोनवर हे विचारतात तर नेटवरही हेच विचारत असणार. साइटवर मोठ्या अक्षरात तोच प्रश्न टाकला आणि खाली खरं उत्तर लिहिलं, 'हो, पहिल्या धुण्यात सोडते. थंड पाण्यात वेगळी धुवा.'

आमचे हे भडकले. "आपल्याच मालाची बदनामी करतीस व्हय? काढ ते."

"काढणार न्हाई. रोज फोनवर सांगते तेच लिहिलंय की."

कितीतरी दिवस घरात धुसफूस चालली. मी अक्षर हलवलं नाही.

मग एकदा नाशिकहून एका बाईंचा फोन आला. नेमका ह्यांनी उचलला, स्पीकरवर. "चादर रंग सोडते का, असं नेटवर शोधलं, तर सगळ्यात वर तुमचंच नाव आलं."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता फोन फेकूनच मारतात.

"खरं सांगणारे तुम्हीच दिसलात," बाई म्हणाल्या. "सहा चादरी पाठवा."

ह्यांनी पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला, चहाचा घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "टॉवेलचं बी कायतरी वाईट असंल की. लिहून टाक."