मातीनं न घेतलेलं धोतर

मंडळी, ऐका! माणूस जातो – मग त्याच्यामागे त्याचं काय काय चालवायचं? सगळंच? चुकलेलंसुद्धा? थांबा, आत्ताच माना डोलवू नका – गोष्ट व्हायचीय अजून!

गोदाकाठच्या एका गावात येसाजीतात्या टोमॅटो पिकवायचे. एका साली मर रोग आला, झाडं माना टाकू लागली. तात्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं औषध आणलं – नॅनो म्हणतात ना, तेच! – आणि ठिबकमधून मुळाशी सोडलं. मर थांबली! तात्या गावभर सांगत सुटले, "आमचे टोमॅटो चांदी पितात!" अहो, लेकीच्या लग्नात चांदीची वाटी देताना याच माणसाचा हात आखडला होता!

त्याच हंगामात तात्या गेले. शेत लेकीकडे आलं – वत्सलाकडे. औषध चालूच. मेथी पिवळी पडली, वाटाण्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येईनात. तात्यांची भावजय चंद्राकाकू म्हणाली, "वच्छे, बंद कर गं ते."

"तात्यांनी सुरू केलंय, काकू."

संपलं बोलणं!

आता त्या घरची एक रीत. माणूस गेला की त्याचं सुती धोतर त्याच्याच शेतात पुरायचं, वर्षश्राद्धाला उकरून बघायचं. मातीनं खाल्लं, की माणूस सुखानं गेला. तात्यांचं वर्षश्राद्ध आलं, वत्सलानं कुदळ मारली – आणि मंडळी, धोतर जसंच्या तसं! काठसुद्धा शाबूत!

"अगं बाई!" काकू मागे सरली. "भावजी अडकलेत गं. शांत करून घे."

वत्सलानं मूठभर माती हुंगली. वास नाही. गांडूळ नाही, बुरशीचा धागा नाही.

"तात्या नाही अडकले, काकू. धोतर खायला इथं कुणी उरलंच नाही. औषधानं रोगाचे जीव मारले, मातीचेही मारले."

"म्हणजे भावजींनी मारले म्हणतेस?"

वत्सलानं मुठीतली माती परत खड्ड्यात सोडली. मग म्हणाली, "तात्यांनी. आणि पुढे वर्षभर मी."

तिनं ठिबकमधलं औषध बंद केलं. उरलेल्या औषधाचा डबा उचलून बांधावर आली. ओतायचा कुठे? ओढ्यात? मासे आहेत. उकिरड्यावर? तेच खत उद्या शेतात. गटारात? ते नदीलाच जातं!

मंडळी, वडिलांनी सुरू केलेलं, चुकीचं कळूनही आपण प्रेमानं चालवलेलं – तुमच्या घरी काय आहे? मोठ्यानं नको, मनात म्हणा. ते बंद करणं एका दमाचं काम. पण आजवर जे ओतलं, ते मातीतून परत कोण भरून घेणार? वत्सला अजून डबा धरून उभी आहे बांधावर. जा – आहे का कुणाकडे जागा?