चार नंबरचा खेळाडू

कॅन्सस सिटीतला अमेरिका-स्कॉटलंड फुटबॉल सामना. मध्यंतराला हॉटडॉगच्या रांगेत माझ्यापुढे एक स्कॉटिश आजोबा आणि अमेरिकेचा शर्ट घातलेली बाई.

"आमचे पेपरवाले म्हणतात, तुमची पोरं पळतात झकास, पण चेंडू दिसला की बावचळतात."

"आजोबा, एक-एक बरोबरी आहे!"

"आमचा गोल तर तुमच्याच चार नंबरनं घातला, स्वतःच्या जाळ्यात! असला मठ्ठ उभ्या जन्मात पाहिला नाही."

"आणि आमचा कुणी घातला?"

"...त्यानंच."

"मग? दोन्ही देशांकडून एकटा खेळतोय बिचारा!"

"त्याची भारी बाजू घेतेस गं!"

"नऊ महिने पोटात वाढवलाय त्याला."

"काय सांगतेस! अहो, सरका सगळे! आमचा गोल घालणाऱ्याच्या आईला आधी हॉटडॉग द्या!"